सायकली पुढं, गाडी मागं

माझ्या दुकानाच्या पाटीवर सगळ्यात खाली एक ओळ आहे. ती नंतर लिहिलेली आहे. अक्षर वेगळं, रंगही वेगळा. नवं गिऱ्हाईक ती वाचतं आणि माझ्याकडं पाहून हसतं. कोणी विचारलं की मी पंक्चर शोधायचं निमित्त करून खाली वाकतो. पण आता माझंही वय झालं आणि ती ओळ लिहिणाराही काठी घेऊन चालतो. म्हणून सांगून टाकतो.

उमरखेडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत असताना मी मास्तरांची सायकल उघडली आणि पुन्हा जोडली, तेव्हा एक वाशर हातात उरला. मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मी गेलो नाही. तो वाशर कुठला होता हे मला पुढं दहा वर्षांनी समजलं. तोवर मास्तर त्याच सायकलवर फिरत होते. म्हणजे त्या वाशराची गरज नव्हती, असं माझं आजही मत आहे.

पाटीवर मी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं: "येथे सायकल नवी होते. उस्ताद स्वतः हजर." उस्ताद म्हणजे मीच.

गोष्ट कापसाच्या वाईट सालांतली. भाव नाही, खरेदी आज सुरू होते उद्या सुरू होते असं चाललेलं, आणि घराघरात कापूस आढ्याला लागलेला. माणसं ओसरीत झोपत आणि कापूस घरात. आमच्याही दोन एकरांचा कापूस मधल्या खोलीत होता. त्यात देव्हारा बुडाला, तर घरची अंदाजानं हात जोडायची. नवी सायकल घ्यायला त्या दिवसांत कोणी येत नव्हतं. जुन्या सायकली यायच्या, आणि माणसं म्हणायची, "उस्ताद, अजून एक हंगाम काहाडून द्या हिच्यातून." मी काढून देत होतो.

त्या सालात आमच्या लेकीला नर्सबाईची नोकरी लागली. आमच्या खानदानात महिन्याला पगार घेणारी ती पहिली. जावई मुकुटबनला मास्तर, म्हणून तिनंही तिकडचंच उपकेंद्र मागून घेतलं. पाच-सहा गावं फिरायची, काही गावांना एस.टी. जातच नाही. तिनं एस.टी.डी. बूथवर निरोप ठेवला आणि मी फोनला गेलो तेव्हा म्हणाली, "बाबा, सोमवारी हजर व्हाचं हाये. माही लाल सायकल पायजे. दुसरी नोको."

ही लाल सायकल मी सात जुन्या सायकलींतून जमवून बनवली होती. फ्रेम एकीची, रीम दुसरीची, घंटी तिसरीची. रंग मी स्वतः तीन हात दिला होता. आठवी ते बारावी ती त्याच सायकलवर शाळेत गेली. एवढ्या वर्षांत त्या रंगाला ओरखडा म्हणून नव्हता. गल्लीतल्या पोरांना ठाऊक होतं, त्या सायकलला बोट लावलं तर उस्ताद पाना फेकून मारतो.

पण उमरखेड कुठं आणि मुकुटबन कुठं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला. एस.टी.च्या टपावर सायकल टाकली की कंडक्टर वर चढून तिच्यावर कांद्याची पोती टाकतो. मी स्वतः पाहिलं आहे.

तेवढ्यात इवाई आला. इवाई म्हणजे लेकीचा सासरा, आमचा व्याही. यवतमाळला आयुष्यभर कचेरीत बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ती त्याला चालवता येत नव्हती. लग्नकार्य असलं की रोजावर डायवर सांगायचा आणि स्वतः पुढच्या सीटवर बसून गिअर कधी टाकायचा ते त्याला सांगायचा. उमरखेडला एका लग्नाला आला होता. शिवाय त्याची काळी चोवीस इंची सायकल दोन महिन्यांपासून माझ्याकडं होती, पूर्ण खोलून साफ करायला. तीस वर्षं तो तिच्यावर कचेरीत गेला होता आणि आता ती मुलाला, म्हणजे आमच्या जावयाला, द्यायची होती.

"दोन्ही सायकली माझ्या गाडीवर नेऊ," इवाई म्हणाला. "टपावर कॅरियर आहे. आपण दोघंही जाऊ. सूनबाईचा प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला नाही, उलट सुरू झाला. मला सायकलच्या रंगाची काळजी आणि त्याला गाडीच्या रंगाची.

"पायडल काढा," तो म्हणाला, "हँडल आडवं फिरवा. एक सायकल अशी, दुसरी तिच्या उलटी. मधे पोती घाला आणि जुन्या ट्यूबांनी आवळा. आमच्या साहेबांचं सामान मी असंच पाठवत होतो."

"इवाईबुवा," मी म्हणालो, "साहेबाचं सामान म्हंजे टेबल-खुर्ची. हे सायकल हाये. मी बसवलेलं पायडल मी जित्ता असेपर्यंत कोनी खोलत नाई."

"अहो, पुन्हा बसवता येतं ना?"

"येते. पन कायले खोलाचं?"

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. मी दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण कचेरीतल्या माणसानं माझ्याच दुकानात उभं राहून मला सायकल शिकवावी, हे काही माझ्या पचनी पडेना. मी त्याला बूथवर घेऊन गेलो, लेकीला फोन लावला, आणि त्याच्या समोर म्हणालो, "गाडीवरून उतरवताना सायकलले एक बी ओरखडा दिसला, त मी दुकानाची पाटी उतरवतो. तुह्या सासऱ्यासमोर बोलून राह्यलो."

ती तिकडून म्हणाली, "बाबा, पाटी-बिटी राहू द्या. सायकल चालली पायजे, बस."

इवायानं फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "सूनबाई, मी साक्षीदार आहे."

झालं. आता पाटी पणाला लागली. माझ्याकडं त्या सालात दुसरं मिरवण्यासारखं काहीच नव्हतं, हे इवायाला माहीत होतं आणि मलाही.

पहाटेपासून मी विचार केला. सायकलला मऊ काय लागेल? आणि मधल्या खोलीकडं नजर गेली. एवढा कापूस घरात पडलेला असताना पोत्यांनी सायकल घासायची कशासाठी? मी घरचीला न विचारता टोपलीनं कापूस बाहेर काढला. कॅरियरवर हातभर थर दिला, त्यावर काळी सायकल आडवी, मग पुन्हा कापूस, त्यावर लाल सायकल, आणि तिच्या आऱ्यांत, मडगार्डाखाली, चेनीवर, सीटखाली जिथं बोट जाईल तिथं कापूस कोंबला. वरून दोन वाकळा, वरून ताडपत्री, आणि सगळं दोरीनं करकचून आवळलं. गाडीच्या डोक्यावर गादी घातलेली म्हैस बसल्यासारखं दिसत होतं.

घरची बाहेर आली. "देव मोकळा झाला वाटते," ती म्हणाली, आणि पुन्हा आत गेली.

इवाई गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "पाने घेतलेत ना बरोबर?"

"पाने कायले? आपल्याले काई खोलाचंच नाई."

हे मी फार ऐटीत म्हणालो होतो.

रस्त्यात गंमत सुरू झाली. यवतमाळ सोडल्यावर वारा लागला आणि ताडपत्रीच्या फटीतून कापूस उडायला लागला. मागं बाभळीला, कुंपणाला, एका बैलाच्या शिंगाला कापूस. गावागावातली माणसं उभी राहून पाहायची. आमच्या जिल्ह्यातला माणूस दुसरं काही ओळखणार नाही, पण कापूस चालला हे शंभर पावलांवरून ओळखतो. पांढरकवड्याजवळ चहाला थांबलो तर टपरीवाला कपाळाला हात लावून म्हणतो, "काका, दिवसा?"

"दिवसा काय?"

"नाई, लोक रातच्याला नेतात. तुमी लय हिमतीचे दिसता."

मला काही उलगडलं नाही. इवायाला उलगडलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

तुम्हालाही सांगतो. त्या सालात आपला कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती. पलीकडं आंध्रात बरा भाव मिळायचा, म्हणून लोक चोरून न्यायचे आणि सरकारनं वाटेत नाके बसवले होते. आणि आम्ही दोन म्हातारे पांढऱ्या गाडीवर कापूस बांधून, तो वाऱ्यावर उडवत, भर दुपारी त्याच सीमेच्या दिशेनं चाललो होतो.

"परत फिरू," इवाई म्हणाला.

"कायले? आपन का चोर हाओ?"

"तसे दिसतो आहोत ना!"

"इवाईबुवा, तुमची कचेरीची सवय हाये, दिसन्यावर जाता. सोमवारी पोरीले हजर व्हाचं हाये."

मुकुटबन दोन कोसांवर असताना नाका आला. लिंबाच्या झाडाखाली टेबल, टेबलामागं साहेब, आणि रस्त्यावर आडव्या टाकलेल्या बांबूजवळ एक शिपाई. शिपायाच्या हातात कंबरेएवढी लोखंडी सळई. ती पोत्यात खुपसून आत कापूस आहे का पाहायचे. आमच्या बाबतीत खुपसायची काही गरज नव्हती, कापूस शिपायाच्या टोपीवर बसला होता. पण त्याला सवय. त्यानं सळई उचलली.

मी गाडीच्या बॉनेटवरून टपावर कसा चढलो ते मला माहीत नाही. त्या वयात माणूस असा चढत नाही. मी ताडपत्रीवर पालथा पडलो आणि ओरडलो, "खाली लाल सायकल हाये! खुपसाचं त माह्या पाठीत खुपस!"

"बॉनेटवर पाय दिला!" खालून इवाई ओरडला. "चप्पल घालून!"

शिपाई घाबरला. तो साहेबाकडं पाहून म्हणाला, "साहेब, हा म्हनते आत सायकल हाये."

साहेब शांत माणूस. तोंडात सुपारी होती, ती त्यानं गालात सारली. "आजवर लोकांनी कापसावर कडबा टाकून दाखवला, लाकडं दाखवली, एकानं वरात दाखवली. सायकल पहिल्यांदा ऐकतो. उतरवा."

सगळं सोडलं. वाकळा निघाल्या, आणि कापसातून पहिल्यांदा घंटी दिसली, मग हँडल, मग लाल फ्रेम. मी डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत तपासली. एक ओरखडा नाही. बॉनेट पुसणाऱ्या इवायाला मी हाक मारली, "पाहा साक्षीदार! उतरवली गाडीवरून. आता पाहून घ्या."

"पाहिली," तो म्हणाला. त्याला बोलणं भाग होतं.

साहेबाचं समाधान झालं नाही. "दोन सायकलींना एवढा कापूस? सायकली नुसत्या दाखवायला ठेवल्या असतील. चालत्या आहेत का? बसा, चालवून दाखवा."

मला हसू आलं. उस्तादाला म्हणतो सायकल चालवून दाखव! मी धोतर खोचलं, सीटवर बसलो, आणि ऐटीत पायडल मारलं.

पायडल हललं नाही.

पुन्हा मारलं. आतून करकर आवाज आला आणि मी सायकलसकट शिपायाच्या अंगावर गेलो. त्यानं धरलं म्हणून सायकल वाचली. इवाई त्याच्या काळ्या सायकलवर बसला, तीही तशीच. खाली वाकून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. निघायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही चेनींना तेल पाजलं होतं, फ्रीव्हीलला ग्रीस भरलं होतं. त्यावर सरकीसकट कापूस कोंबला आणि रस्ताभर हलवत आणला. चेनीची वात झाली होती, आणि दातऱ्यांत सरकी अशी बसली होती की जणू पेरली आहे. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, तेल लावलेल्या चेनीजवळ चिंधीसुद्धा ठेवू नका.

साहेब खुर्चीवरून उठून पाहायला आला. "धंदा काय तुमचा?"

मी नखानं चेन खरवडायला लागलो. इवायानं तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता हा पाटी वाचून दाखवणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाला, "शेती. शेती करतात ते."

ते त्याचे उपकार मी त्या वेळी मानले नाहीत. आता मानतो.

पाने नव्हते. चेन खोलता येईना. तेव्हा इवायानं शर्टाचा खिसा उलटा केला. आतल्या बाजूला टाचण्यांची रांग लावलेली होती. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी टाचण्या खिशाला. एक त्यानं मला दिली, एक स्वतः घेतली, आणि आम्ही दोघं लिंबाखाली मांडी घालून चेनीच्या एकेका कडीतून कापूस उपसत बसलो. त्याच्या पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या.

"पायडल काढलं असतं तर..." तो म्हणाला.

"सरकी तुमच्या बाजूची काहाडा, इवाईबुवा. बोलून राह्यले अन् हात थांबले."

"मी फक्त म्हणतो."

"म्हनू नोका."

तिकडं साहेब कागद घेऊन बसला होता. कापूस पुढं जाऊ देता येत नव्हता, आणि दोन सायकलींच्या पांघरुणाची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे त्याला सुचेना. इवायाला ते बघवेना. तो काळ्या हातानं उठून गेला आणि त्याला मजकूर सांगायला लागला: "लिहा, सायकलींच्या संरक्षणार्थ वापरलेला, तेलकट, विक्रीस निरुपयोगी." साहेब खूश झाला. म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस इथं पाहिजे होता." इवाई त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसला. कापूस तिथंच राहिला. मी शिपायाला सांगितलं, खुर्चीची गादी भर, साहेबाला रोज माझी आठवण येईल.

चेनी फिरायला लागल्या. पण आता पुढचा पेच. कापूस नाही आणि कॅरियरच्या लोखंडी पट्ट्या उघड्या. डायवर सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "काका, अशा टाकल्या त घासतीन. पायडल खोला."

"पाने कुठं आहेत?" इवायानं मलाच विचारलं, अगदी गोड आवाजात.

मी लाल सायकलवर टांग टाकली. "दोन कोसच राह्यलं. मी हा चाललो."

"आणि मी?"

"तुमाले सायकल हाये ना? का तीस वर्ष कचेरीत ढकलत नेली?"

हे त्याला लागलं. तोही बसला. आणि मुकुटबनच्या रस्त्यावर अशी वरात निघाली: पुढं दोन म्हातारे सायकलवर, आणि मागं रिकामी पांढरी गाडी, दोन्ही दिवे चालू. वेचणीवरून परतणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एकीनं डायवरला विचारलं, "कोन हायेत हे?" तो म्हणाला, "मालक."

अर्धा कोस आम्ही शेजारी शेजारी चाललो. मग इवायानं हळूच पुढं काढली. मी त्याला गाठलं. त्यानं घंटी वाजवली, माझ्याच हातची बसवलेली. मी उभा राहून पायडल मारायला लागलो. गाव आलं, शाळा गेली, लेकीचं घर दिसलं, लोखंडी फाटक अर्धं उघडं. दोन सायकली मावणार नव्हत्या, हे दोघांनाही दिसत होतं. त्यानं ब्रेक लावला. मी नाही लावला. आयुष्यात मी कधी आधी ब्रेक लावलेला नाही.

फाटकाच्या कडीला मडगार्ड घासलं. आवाज आला. सायकल थांबली आणि मी खाली पाहिलं. लाल रंगावर बोटभर लांब पांढरी रेघ.

लेक सुपात तांदूळ निवडत होती, ती तशीच उभी राहिली. आधी मला पाहिलं, मग काळ्या बाह्यांच्या सासऱ्याला, मग मागून आलेल्या रिकाम्या गाडीला.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी कायले केली मंग?"

इवाई धापा टाकत होता, पण बोट रेघेवर बरोबर ठेवलं. "ओरखडा. सूनबाई, ओरखडा! पाटी उतरली."

"कशी उतरली?" मी म्हणालो. "माहा शब्द काय होता? गाडीवरून उतरवताना ओरखडा दिसला त. उतरवताना तुमीच पाहिली अन् तुमीच म्हनले, पाहिली. साहेब साक्षीदार, शिपाई साक्षीदार. हा ओरखडा गाडीचा नाई, फाटकाचा हाये. फाटक तुमच्या पोराचं."

"ही पळवाट आहे!"

"कचेरीत तुमी काय करत होते मंग?"

लेकीनं आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि दोघांची बाजू ऐकली. हसू दाबताना तिचा चेहरा सायकलसारखा लाल झाला होता. मग ती सायकल घेऊन अंगणात एक चक्कर मारून आली. चेन छान फिरली. आतून नेलपालिशची बाटली आणली आणि रेघेवर हात फिरवला. रंग जुळला नाही. मला ते दिसत होतं. त्या दिवशी माझं बोलायचं सगळं संपलं होतं.

"पाटी राहीन," तिनं निकाल दिला. "पन मामंजीची एक ओळ तिच्यावर लिहिल्या जाईन. अन् बाबा, तुमी ते पुसाची नाई."

सोमवारी ती लाल सायकलवर कामावर गेली. मी फाटकात उभा होतो. रेघेचा भाग उन्हात वेगळा चमकत होता.

पुढच्या महिन्यात इवाई उमरखेडला आला. बरोबर ब्रश, पांढरा रंग आणि पट्टी घेऊन. कचेरीतलं अक्षर, मोत्यासारखं. स्टुलावर उभं राहून तासभर लिहीत होता आणि मी खालून स्टूल धरून होतो. उतरल्यावर म्हणाला, "वाचा."

मी अक्षरं जुळवत वाचलं: "सायकल गाडीवर नेण्याबाबत येथे सल्ला मिळणार नाही."

"लांब झालं," मी म्हणालो.

"खरं झालं," तो म्हणाला.

पाटीचा बाकीचा रंग मी पुढं दोनदा बदलला. त्या ओळीच्या आजूबाजूनं ब्रश फिरवला, तिला लावला नाही. आणि गल्ल्यात, वाशरांच्या डबीजवळ, एक टाचणी ठेवलेली आहे.